क्लबचा इतिहास लिहिताना : टिपरेरीतल्या कामाच्या नोंदी, २०२५

१२ जानेवारी, रविवार

काल क्लबच्या वार्षिक सभेला गेले ती मुलीच्या कमोगीची, म्हणजे बायकांच्या हर्लिंगची, वर्गणी भरायला, आणि परतले ती क्लबचा इतिहास लिहिण्याचं काम गळ्यात घेऊन. इथे कुणी कुणाला सरळ काम सांगत नाही. ‘तुला हे छान जमेल, नाही का?’ असं सहज विचारतात. मी हसून मान हलवली. तेवढ्यात सेक्रेटरीने वहीत नाव लिहून टाकलंसुद्धा.

आधी थोडी ओळख. आयर्लंडमधल्या टिपरेरी परगण्यातलं, थर्लसपासून गाडीने पाऊण तासाच्या आतलं गाव. एक चर्च, एक शाळा, दोन पब आणि एक क्लब. क्लब हर्लिंग (काठी-चेंडूचा खेळ) आणि गेलिक फुटबॉल दोन्ही खेळतो, म्हणजे तीच पंधरा-वीस पोरं एका आठवड्यात काठी घेऊन आणि पुढच्या आठवड्यात काठीशिवाय मैदानात उतरतात. कुणाला पैसे मिळत नाहीत. आपण ज्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या परिसरात, जन्मलो त्याच क्लबकडून खेळायचं. मी कोल्हापूरची, तालमींच्या फुटबॉलवर वाढलेली. पेठेचा संघ हरला की घरात दोन दिवस कुणी धड बोलत नसे. त्यामुळे हे मला नव्याने समजावून घ्यावं लागलं नाही.

क्लबच्या बोधचिन्हावर १८८५ लिहिलंय. म्हणजे यंदा १४० वर्षं. डिसेंबरपर्यंत पुस्तक हवं. हाताशी आहे ती १९८४ची ६४ पानी पुस्तिका. त्या वर्षी जीएएला, म्हणजे या खेळांच्या देशव्यापी संघटनेला, शंभर वर्षं झाली होती आणि गावोगावच्या क्लबांनी आपापले इतिहास छापले होते.

आपली बरीच मंडळी आता आयर्लंडच्या खेड्यापाड्यांत स्थिरावलीत. आणखी कुणाच्या गळ्यात हे पडलं तर उपयोग व्हावा म्हणून या नोंदी. हर्लिंगचं गुणलेखन असं: २-१४ म्हणजे दोन गोल आणि चौदा पॉइंट. गोलाचे तीन, आडव्या दांडीवरून गेलेल्या चेंडूचा एक. एकूण वीस. हे नीट लक्षात ठेवा, कारण याच हिशोबात मी पुढे तोंडावर आपटले आहे.

२ फेब्रुवारी

कागद गोळा करायला सुरुवात. चर्चमधल्या रविवारच्या पत्रकात निवेदन दिलं, आणि आठवडाभरात दारात नऊ बिस्किटांचे डबे, एक बुटाचं खोकं आणि खताची एक रिकामी गोणी आली. गोणीत १९४६ ते १९६१च्या सभांच्या वह्या होत्या. कुणाच्या तरी गोठ्याच्या माळ्यावर होत्या म्हणे. पीटच्या, म्हणजे इथे जाळतात त्या दलदलीतल्या मातीच्या, धुराचा वास अजून येतो.

पहिली चूक इथेच. एका वहीच्या पुठ्ठ्यावर शेणमातीचा थर होता, तो मी ओल्या फडक्याने पुसला. आतल्या पानांच्या कडांना ओल लागली आणि राखाडी दिसणारी अक्षरं बघता बघता जांभळी होऊन पसरली. त्या काळी कॉपिंग पेन्सिलने लिहीत. पाणी लागलं की ती शाईसारखी फुटते. १९४९च्या तीन पानांचा अर्धा भाग गेला. सेक्रेटरीला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, ‘गोठ्यात तर ती उंदरांनी खाल्ली असती.’ मनाचा मोठेपणा त्याचा. तुम्ही मात्र कोरडा, मऊ ब्रश वापरा. चार युरोला मिळतो.

दुसरी चूक: जुना स्कॅनर ८५ युरोला घेतला आणि लवकर आटपावं म्हणून १५० डीपीआयवर २१२ पानं उरकली. पडद्यावर छान दिसली, छापून पाहिली तर अक्षरांना केस फुटल्यासारखे. सगळी पुन्हा ४००वर. दोन शनिवार-रविवार वाया. फाइलींना नावं देताना तारीख आधी, मग वही, मग पान असा क्रम ठेवला; हे एक तरी पहिल्या दिवसापासून नीट केलं.

१६ फेब्रुवारी

जुनी वर्तमानपत्रं. डिजिटल संग्रहाची तीन महिन्यांची वर्गणी भरली, ९० युरो. काल जिल्हा वाचनालयात मुलीची पुस्तकं परत करायला गेले, तेव्हा तिथल्या बाईंनी सहज सांगितलं की त्यांच्या कॉम्प्युटरवर हाच संग्रह फुकट बघता येतो. आधी वाचनालय, मग पाकीट. एवढं कोल्हापुरातल्या माझ्या आजीनेही सांगितलं असतं.

यंत्राने वाचलेला मजकूर शोधताना क्लबचं नाव टाकलं तर सबंध दशकात चार बातम्या. कारण जुन्या बारीक टायपातली नावं यंत्र वाटेल तशी वाचतं, आणि बातमीदारही आमच्या गावाचं नाव पाच तऱ्हांनी लिहीत. तोडगा असा निघाला की आपलं नाव शोधायचं नाही, शेजारच्या क्लबांची नावं शोधायची. आपण हरलो की त्यांनी हौसेने छापून आणलेलं असतं. चारच्या एकसष्ट बातम्या झाल्या.

शोधता शोधता भलतंच हाती लागलं. १८७०च्या दशकात याच गावात क्रिकेट चालायचं! जमीनदाराच्या हवेलीमागच्या कुरणावर, आणि संघात जमीनदाराच्या पाहुण्यांइतकेच गावातले शेतकरी. त्या दशकात टिपरेरीत गावोगावी क्रिकेट होतं, हे मला माहीत नव्हतं आणि समितीत कुणालाही नव्हतं. आडनावं वाचून दाखवली तर अध्यक्षांचे पणजोबा निघाले, सलामीला खेळणारे. अध्यक्ष जरा वेळ गप्प. मग म्हणाले, ‘हे छापायलाच हवं का?’ मी म्हटलं, सबंध पान देऊ.

९ मार्च

आजची नोंद मोठी आहे, कारण प्रकरण चिघळलंय.

थर्लसच्या हेज हॉटेलात १ नोव्हेंबर १८८४ला मायकेल क्युसॅक, मॉरिस डेव्हिन आणि मोजक्या मंडळींनी जीएए स्थापन केली. त्यानंतर क्लब भराभर निघाले हे खरं. पण आमच्या गावाचा म्हणून पहिला छापील उल्लेख मला सापडला तो मार्च १८८६चा. तोही आजच्या क्लबचा नाही. पॅरिशच्या दुसऱ्या टोकाला, चौरस्त्याच्या वस्तीचा वेगळा संघ, वेगळ्या नावाचा. आजचं नाव पहिल्यांदा दिसतं १९०३मध्ये. मधली काही वर्षं तर काहीच नाही. १८९०-९१मध्ये पार्नेल या राजकीय नेत्यावरून देश दुभंगला तेव्हा जीएएसुद्धा दुभंगली, गावोगावचे संघ बसले. आमचाही बसला असणार.

मग १८८५ आलं कुठून? १९८४च्या पुस्तिकेतून. पुस्तिकेत कुठून? त्या समितीतले एक निवृत्त शिक्षक अजून आहेत. इथेही गावच्या शिक्षकाला ‘मास्टर’च म्हणतात, तेव्हा मीही त्यांना मास्तर म्हणते. मास्तर म्हणाले, ‘आम्ही एका म्हाताऱ्याला विचारलं होतं. तो म्हणाला, थर्लसनंतर एका वर्षाने. आम्ही चौऱ्याऐंशीत एक मिळवला.’

झालं! बोधचिन्ह, फाटकावरची पाटी आणि कपाटातल्या १८८५ भरतकाम केलेल्या दीडशे जर्सी, सगळं या एका बेरजेवर उभं. ऑगस्टच्या १४०व्या वर्धापनदिनाचा मंडपही बुक आहे, अनामत भरून.

परवाच्या बैठकीत दोन तास यावर गेले. एकाने सुचवलं, १८८६ची बातमी वगळू. मी म्हटलं, मग दुसरं कुणीतरी शोधेल, आणि तो शेजारच्या क्लबचा असेल. या मुद्द्यावर मात्र सगळे एका क्षणात शहाणे झाले. ठरलं ते असं: बोधचिन्ह तसंच राहील. पुस्तकात सरळ लिहायचं की १८८५ ही गावाची आठवण आहे आणि १८८६ ही छापील नोंद, आणि मास्तरांची बेरीज त्यांच्याच परवानगीने छापायची. मास्तर खूश आहेत.

२३ मार्च

खेळाडूंची यादी. एक्सेलमध्ये टाकली आणि डोकं धरून बसले.

टिपरेरीत रायन इतके आहेत की नुसतं रायन म्हणणं म्हणजे आपल्याकडे गर्दीत ‘ओ पाटील’ अशी हाक मारणं. म्हणून प्रत्येक घराला टोपणनाव. रायन बान म्हणजे गोऱ्यांचे, रायन रुआ म्हणजे तांबड्या केसांचे, शिवाय कुणी गिरणीवाले, कुणी टेकडीवाले. गावात हे सगळ्यांना पाठ. वर्तमानपत्र छापतं ते नुसतं ‘पी. रायन’. मी सगळे पी. रायन एकत्र केले, आणि हा गृहस्थ १९०४ ते १९४५ अशी ४१ वर्षं सलग सेंटर बॅकला खेळला असं सिद्ध झालं. तीन पिढ्यांचे तीन पॅट होते. आजोबा, पुतण्या आणि भलत्याच घरातला तिसरा.

उलट बाजूची चूकही केलीच. संघाची यादी आयरिश भाषेत द्यायची असा जीएएचा दंडक, त्यामुळे त्याच रायनचा कागदावर ‘ओ रियान’ होतो आणि माहरचा ‘ओ म्याखर’. मी ती वेगळी माणसं धरून चौतीस जादा खेळाडू क्लबला बहाल केले होते. यादी आयर्लंडमध्ये बनलेल्या कागदावर हवी असाही नियम होता. कागद उजेडात धरून जलचिन्ह बघायचे, आणि नसलं की प्रतिपक्ष हरकत घेई. आमच्या क्लबने तीसच्या दशकात एक सामना मैदानात जिंकून असाच कागदावर घालवला. गावात अजून त्याचा राग आहे. ज्यांनी तो पाहिला त्यातलं कुणी हयात नाही, राग आहे.

उपाय: एक्सेल बंद. प्रत्येक माणसाला एक जाड कार्ड, त्यावर टोपणनाव, शेताचं नाव, जन्मसाल. जन्मसालासाठी १९०१ आणि १९११ची जनगणना. दोन्ही राष्ट्रीय अभिलेखागाराच्या साइटवर फुकट, घरोघरचे मूळ तक्ते दिसतात. त्याआधीचं जवळजवळ काही उरलेलं नाही. काही सरकारनेच नष्ट केलं, काही १९२२मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्सच्या आगीत गेलं. १९२६ची जनगणना शंभर वर्षं पुरी झाल्यावर, एप्रिल २०२६मध्ये खुली होणार. आमच्या सतरा कार्डांवरच्या जन्मसालाच्या जागा तोवर रिकाम्या.

१३ एप्रिल

तोंडावर आपटल्याची नोंद.

१८८९च्या एका सामन्याची बातमी: आमचे १-०, समोरचे ०-५, आणि खाली लिहिलेलं की आमचे जिंकले. मी म्हटलं, बातमीदाराची चूक. तीनपेक्षा पाच मोठे. ‘दुरुस्ती’ करून क्लबच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलंही, की बघा, १३६ वर्षं आपण एक पराभव विजय म्हणून मिरवतोय.

अर्ध्या तासात मास्तरांचा फोन. १८९२पर्यंत एक गोल हा कितीही पॉइंटांपेक्षा मोठा धरत. पॉइंट बघायचे ते गोल सारखे असले तरच. १८९२ला गोल पाच पॉइंटांचा झाला, १८९६ला तीनचा. म्हणजे आजचा हिशोब १८९६च्या मागे लावायचाच नाही. मी अशा अकरा सामन्यांचे निकाल उलटे करून ठेवले होते. दोन संध्याकाळी गेल्या निस्तरण्यात, आणि व्हॉट्सॲपवरची थट्टा अजून चालू आहे.

त्याच झटक्यात सालांचाही घोळ लक्षात आला. स्पर्धेचं वर्ष आणि सामना खेळल्याचं वर्ष एकच असेल असं नाही. पहिली अखिल आयर्लंड हर्लिंग स्पर्धा १८८७ची, पण तिचा अंतिम सामना बर (Birr) या गावी झाला तो १ एप्रिल १८८८ रोजी. थर्लसने टिपरेरीच्या वतीने गॉलवेच्या मीलिकला हरवलं. सगळ्यात वरच्या सामन्याची ही गत, तर गल्लीतल्या सामन्यांचं काय? आता दोन रकाने: ‘कोणत्या सालची’ आणि ‘कधी खेळली’.

४ मे

फोटो. क्लबहाउसच्या भिंतीवर एक मोठा फोटो आहे, तारीख नाही, नावं नाहीत. मागे दगडी भिंत, पुढे गवतावर मांडी घालून बसलेले चौघे आणि त्यांच्यामध्ये एक काळापांढरा कुत्रा, तोही कॅमेऱ्याकडे बघणारा. हातातल्या काठ्या आजच्यापेक्षा अरुंद पात्याच्या, टोकाला जास्त वळलेल्या. आयरिशमध्ये काठीला ‘कमान’ म्हणतात. हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा मी दचकलेच होते. आणि आहेही ती कमानीसारखी.

माणसं मोजली: एकवीस. सुरुवातीला संघ एकवीस जणांचा असे, १८९२ला सतराचा झाला, १९१३ला पंधराचा. म्हणजे फोटो १८९२च्या आधीचा! पुन्हा व्हॉट्सॲप. (हो. शिकत नाही मी.)

दुसऱ्या दिवशी एक आजीबाई काठी टेकत क्लबहाउसवर आल्या आणि डावीकडून तिसऱ्यावर बोट ठेवलं, ‘हे माझे वडील.’ वडील १९११च्या जनगणनेत अठरा वर्षांचे. १८९२च्या आधी ते जन्मले नव्हते. पुन्हा भिंगातून बघितलं, तर सतरा जणांच्या अंगात सारखी पट्ट्यांची जर्सी आणि चौघे पांढऱ्या सदऱ्यांत: राखीव खेळाडू. सतरा अधिक चार. म्हणजे १९१०-१२च्या आसपासचा फोटो. डोकी मोजण्याआधी कपडे बघा.

आता एकवीसपैकी चौदांची नावं नक्की. पाच ‘बहुधा’, दोन कोरी. ‘बहुधा’ हा शब्द पुस्तकात तसाच छापायचा यासाठी मला थोडं भांडावं लागलं.

१ जून

मुलाखती. आतापर्यंत अकरा झाल्या, पहिल्या तीन फुकट गेल्या.

पहिले आजोबा ८८ वर्षांचे. मी विचारलं, जुन्या क्लबबद्दल काय आठवतं? ते अस्खलित बोलू लागले, तारखांसकट. घरी येऊन ऐकताना जाणवलं की हे मी आधी वाचलंय. १९८४ची पुस्तिका, जवळजवळ शब्दशः. चाळीस वर्षं ती उशाशी होती; तीच त्यांची आठवण होऊन बसलीय. दुसऱ्या दोघांचंही तेच. पुस्तिकेतली एक चुकीची तारीख तिघांनी ‘स्वतः पाहिलेली’ म्हणून सांगितली.

मग पद्धत बदलली. क्लबबद्दल विचारायचंच नाही. पुढ्यात वस्तू ठेवायची: पदक, जुनी कमान, गावाचा नकाशा. सामन्याला जायचात कशावरून? कमानीसाठी ॲशचं झाड कुणाच्या बांधावरचं तोडायचात, त्याला सांगून की न सांगता? तेच ८८ वर्षांचे आजोबा, तोच टेबल, पण आता एका सायकलवर तिघे जात, आणि मधला माणूस सहा कमानी मांडीवर आडव्या धरत असे हे निघालं. ॲशचं लाकूड झाडाच्या अगदी बुंध्यातून, मुळाकडे वळतं तिथून घ्यायचं म्हणजे रेषा वळणाबरोबर जातात, हे त्यांनी माझ्या हातात काठी देऊन बोटाने दाखवलं. आता बांधावरचे ॲश रोगाने वाळताहेत. २०१२ला तो रोग आयर्लंडमध्ये सापडला. बरंचसं लाकूड बाहेरून येतं, आणि आजोबांना ते पटत नाही.

रेकॉर्डिंगचं: फोन टेबलावर ठेवू नका, चहाच्या कपांचा खणखणाट शब्दांवर बसतो. खाली टॉवेल घाला. आपोआप मजकूर करणारं ॲप वापरलं, तर टिपरेरीच्या उच्चारांपुढे त्याने हात टेकले. ‘स्लिटर’ म्हणजे हर्लिंगचा चेंडू. ॲपने सगळीकडे ‘स्लिपर’ केलं. तासाभराच्या मुलाखतीला हाताने लिहून काढायला पाच तास लागतात, हे वेळापत्रकात आधीच धरा. मी धरले नव्हते.

आणखी एक, बिनकामाचं. महाराष्ट्रातली म्हटलं की दर घरात पहिला प्रश्न, ‘म्हणजे लिओच्या बाजूची?’ आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे, हे इथे सगळ्यांना माहीत. नाही हो, ते कोकणातले, मी घाटावरची, असं समजावेपर्यंत चहा गार होतो.

२१ जुलै, सोमवार

या आठवड्यात काम शून्य. काल डब्लिनच्या क्रोक पार्कवर अखिल आयर्लंड हर्लिंगच्या अंतिम सामन्यात टिपरेरीने कॉर्कला ३-२७ विरुद्ध १-१८ हरवलं. मध्यंतराला सहाने मागे होते, आणि दुसऱ्या अर्ध्यात कॉर्कला दोनच पॉइंट करू दिले. मी मैदानात नव्हते, क्लबहाउसमध्ये पडद्यासमोर होते, मास्तरांशेजारी. पुस्तकाचं नाव काढण्याची कुणाची हिंमत नाही.

१७ ऑगस्ट

मंडप पार पडला. १८८५च्या जर्सी सगळ्या खपल्या.

वर्तमानपत्रांत १९४१चा वसंत आणि उन्हाळा जवळपास कोरा. सामने नाहीत. मी धरून चालले होते की क्लबमध्ये भांडण झालं असणार, आणि कुणाचं असेल याचे अंदाजही मजकुरात घालून ठेवले होते. खरं कारण गुरांचं: लाळ्या खुरकूत. त्या साली साथीमुळे टिपरेरीत माणसांच्या एकत्र येण्यावर निर्बंध आले. परगण्याचा संघसुद्धा अडकला. मन्स्टर प्रांतातून कॉर्कला पुढे पाठवलं आणि कॉर्क अखिल आयर्लंड विजेते झाले. मग साथ ओसरल्यावर लांबलेला मन्स्टरचा अंतिम सामना झाला, त्यात टिपरेरीने त्याच कॉर्कला हरवलं! भांडणाचे सगळे अंदाज खोडले. कागद कोरा दिसला की भांडण शोधायची खोड माझी.

याहून अवघड प्रकरण १९५०च्या दशकातल्या वहीत निघालं. ‘बॅन’ म्हणून ओळखला जाणारा नियम १९७१पर्यंत होता: सॉकर, रग्बी, हॉकी, क्रिकेट हे ‘परके’ खेळ खेळले किंवा नुसते बघितले तरी निलंबन. १९३८मध्ये देशाचे राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड सॉकरच्या सामन्याला हजर राहिले म्हणून जीएएने त्यांना आश्रयदातेपदावरून काढलं होतं. तर आमच्या वहीत एका तरुणाचं असं निलंबन आहे, आणि चुगली करणाऱ्याचंही नाव आहे. दोन्ही घरं आजही एकाच रस्त्यावर, नातवंडं एकाच संघात.

निलंबित माणसाच्या मुलीला मी आधी भेटले. तिने पान वाचलं, म्हणाली, बाबांचं नाव घाला, त्यांनी तो सामना बघितल्याचा त्यांना कधी पश्चात्ताप झाला नाही. दुसऱ्या घरी गेले नाही. चुगली करणाऱ्याचं नाव छापत नाही आहोत. समितीतल्या एकाला हे अर्धवट वाटतं. असेल.

१४ सप्टेंबर

१९८४च्या पुस्तिकेत बायकांवर अर्धं पान आहे: सामन्यांनंतर चहा उत्तम होता.

१९५१च्या वहीच्या शेवटच्या पानांवर मला एक यादी मिळाली. डावीकडे जर्सीचा क्रमांक, उजवीकडे घर. कोणत्या घरी कोणती जर्सी धुवायला गेली आणि परत आली की नाही. सात नंबरची जर्सी तीन वेळा ‘परत नाही’. हे पान जसंच्या तसं छापतोय, पूर्ण आकारात.

मुळात बायका फक्त धूत नव्हत्या. कमोगीची संघटना १९०४पासूनची आहे, आणि आमच्या गावचा कमोगी संघ १९३०च्या दशकातल्या बातम्यांत चार वर्षं दिसतो. मग गायब. खेळाडूंचा माग काही केल्या लागेना, कारण साधं: लग्नानंतर आडनाव बदललं. वर्तमानपत्रात माहेरचं, थडग्यावर सासरचं. शेवटी वही घेऊन तीन आज्यांच्या स्वयंपाकघरात एक दुपार बसले. ‘ती? ती खालच्या पुलाच्या घरात दिली.’ बारापैकी दहा सापडल्या. कमोगी तेव्हा बारा जणींची असे आणि १९९९पर्यंत तशीच राहिली, त्यामुळे या वेळी मोजणी चुकली नाही. त्यांतल्या एकीची पणती माझ्या मुलीबरोबर दहा वर्षांखालच्या संघात खेळते. तिच्या घरी कुणालाच हे माहीत नव्हतं.

कमोगीला सोळा पानं. पुरुषांच्या ज्युनियर ‘ब’ सामन्यांची तितकीच कापली. पत्र आलं आहे.

१२ ऑक्टोबर

एक दंतकथा सोडावी लागली. २१ नोव्हेंबर १९२०ला क्रोक पार्कवर डब्लिन आणि टिपरेरीचा फुटबॉल सामना चालू असताना ब्रिटिश सरकारच्या सशस्त्र दलांनी गोळीबार केला, चौदा माणसं मेली. त्यांत टिपरेरीचा खेळाडू मायकेल होगन, ग्रेंजमॉकलरचा. तिथलं होगन स्टँड त्याच्याच नावाचं. आमच्या गावात पक्कं मानतात की आपला एक माणूस त्या दिवशी राखीव खेळाडूंत होता. मी वर्तमानपत्रं पाहिली, लष्करी इतिहास विभागाकडच्या, स्वातंत्र्ययुद्धातल्या माणसांच्या १७७३ जबान्यांत नावानिशी शोधलं, कुटुंबाकडची पत्रं पाहिली. पुरावा नाही. कुटुंबाला सांगायला गेले तेव्हा पोटात गोळा होता. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि दुसरा कप ओतला. पुस्तकात एक ओळ आहे: घरात असं सांगतात. तेवढीच.

छपाई: तीन ठिकाणचे भाव. ३०० प्रती, १९२ पानं, कापडी बांधणी: सगळ्यात स्वस्त ४३५० युरो. त्यातले दोन हजार क्लबच्या साप्ताहिक लॉटरीतून, बाकी आगाऊ नोंदणीतून. आजच्या मुलांच्या फोटोंसाठी पालकांची लेखी संमती लागते. ९३ अर्ज वाटले, ८८ आले. पाच पालकांच्या मागे तीन आठवडे फिरतेय. त्यांपैकी एक माझा नवरा.

३० नोव्हेंबर

छपाईआधीची शेवटची प्रत चौघांनी वाचली. आधी अनुक्रमाने, मग फक्त आकडे, मग फक्त नावं. नावांच्या फेरीत २६ चुका निघाल्या, आकड्यांत ९. एका फोटोखाली डावं-उजवं उलटं झालं होतं, म्हणजे दोन रायन एकमेकांच्या जागी. बान आणि रुआ! हे छापलं गेलं असतं तर मी गाव सोडलं असतं. छापखान्याला उशिरा दुरुस्ती दिल्याचे १४० युरो जादा.

१४ डिसेंबर, रविवार

काल प्रकाशन झालं. २३१ प्रती एका संध्याकाळी गेल्या. मास्तरांनी बेरजेच्या पानावर सह्या केल्या, मागेल त्याला.

क्लबहाउसच्या दारामागे एक वही टांगली आहे, दोरीला पेन: ‘चुका इथे लिहा’. १९२६ची जनगणना आली की पुरवणी काढायची आहे, तिच्यासाठी. आज सकाळी पाहिलं तर तीन नोंदी. पहिली: माझंच आडनाव मागच्या पानावर चुकलंय. दुसरी: पान ११२, सामना पावसात नव्हे, गारांत झाला.

तिसरी नोंद थरथरत्या अक्षरात, खाली घराचं नाव, तीनदा अधोरेखित. पान ४१वरच्या फोटोतला कुत्रा राखीव खेळाडूंच्या शेजारच्या माणसाचा नाही. तो आमच्या घरचा होता. कार्ड केलं आहे.